चालू स्थितीत

मोटरसायकल सुरू होत नाही असं दिसलं की आपल्याकडे माणसं जमतात. लग्नाला माणसं उशिरा येतात, ग्रामसभेला तर कोरमच भरत नाही, पण बंद गाडीभोवती बघता बघता गोल तयार होतो आणि त्या गोलातला प्रत्येक जण मेकॅनिक असतो.

त्या रविवारी आंबीला माझ्या बहिणीच्या अंगणात असाच गोल झाला होता. वेगळं एवढंच, की गोलाचे दोन तुकडे होते आणि ते एकमेकांशी बोलत नव्हते. एका तुकड्यात आम्ही, मुलाकडचे. दुसऱ्यात पवना नदीच्या अंगाची मंडळी, मुलीकडची. लग्नात उभे होतो तसेच उभे होतो. फक्त डोक्याला फेटे नव्हते आणि फोटोग्राफर कुणाला जवळ सरका म्हणत नव्हता.

माझा भाचा सत्यम आणि त्याची बायको अपेक्षा यांची सोडचिठ्ठी ठरली होती. कागद पुढे कोर्टात व्हायचे ते होतील. पण आमच्याकडे कागदाच्या आधी भांडी उचलतात. लग्नात मुलीच्या बापानं दिलेलं सामान दोन्हीकडच्या माणसांसमक्ष बाहेर काढायचं, टेम्पोत चढवायचं, आणि टेम्पो हलला की लग्न संपलं असं सगळे धरून चालतात. कोर्टाला ते मागाहून कळतं.

कारण विचाराल तर, गेल्या आषाढात अपेक्षाला सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. तळेगावला दवाखान्यात नेलं. मुलगी झाली, ती गेलेलीच होती. महिनाभरानं अपेक्षा विश्रांतीला माहेरी गेली. इथवर कुणाचं काही चुकलं नाही. पुढचा प्रश्न होता तिनं परत कसं यायचं. माझ्या बहिणीच्या घराची रीत अशी, की अशा वेळी माहेरचे लेकीला साडीचोळी करून सासरी आणून सोडतात. त्यांच्या घराची रीत अशी, की सासरचं माणूस येतं आणि सुनेला घेऊन जातं. म्हणून आम्ही त्यांची वाट बघितली आणि त्यांनी आमची. दोन्ही घरं रीतीला इतकी धरून होती, की कुणाचंही पाऊल वाकडं पडलं नाही. दिवाळीपर्यंत गोष्ट ‘त्यांना सून नकोच हाय’ आणि ‘त्यांना पोरगी धाडायचीच न्हाई’ इथं येऊन पोचली होती. तालुका एकच. मध्ये फक्त कामशेत. सकाळी तोडलेली मेथीची जुडी इथून निघाली तर तिकडे पोचेपर्यंत सुकत नाही.

मी तळेगावला कॉलेजात शिकवतो. शिकलेला मामा म्हणून मला मुद्दाम बोलावणं होतं. शिकलेल्या मामानं अशा प्रसंगी खुर्चीवर बसायचं असतं. मी बसलो.

मध्यस्थ हनुमंत आबा होते. दोन्ही घरांशी नातं लागत असल्यामुळे लग्न त्यांनीच जुळवलं होतं, त्यामुळे मोडण्याचा मानही ओघानं त्यांच्याकडे आला. वस्तू उंबऱ्याबाहेर आली की आबा खुर्चीवरूनच विचारायचे, “हे कुणाकडचं?”

“आमचं,” हौशीराम म्हणायचे. हौशीराम म्हणजे अपेक्षाचे वडील. पांढरा शर्ट, टोपी, आणि चेहऱ्यावर बांधाची मोजणी चालू असल्यासारखा भाव.

कपाट गेलं. पलंग गेला. मिक्सरवर जरा अडलं, कारण मिक्सर त्यांचा होता पण त्याचं मूळ भांडं फुटल्यामुळे नवीन माझ्या बहिणीनं घेतलं होतं. आबांनी विचार करून मिक्सर तिकडे दिला आणि भांडं इकडे ठेवलं. न्याय चोख झाला. आता दोन्ही घरांत चटणी होणार नव्हती.

अपेक्षा टेम्पोजवळ उभी होती. वस्तू ओळखायला तिला आणलं होतं. पंजाबी ड्रेस, ओढणी डोक्यावरून घेतलेली, कारण अजून हे सासरच होतं. आबा एखादी वस्तू दाखवायचे, ती मान हलवायची. सत्यम आतून एकेक जिन्नस आणून ठेवत होता. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता पोरगा. कशासाठी, देव जाणे. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. एकदा पोळपाट देताना बोटं लागली असतील, तेवढंच.

शेवटी गाडी राहिली.

लग्नात हुंडा नव्हता. आमच्याकडे हुंडा कुणीच घेत नाही. मोटरसायकल हौशीरामांनी ‘पोरीला यायला-जायला’ दिली होती. ती पडवीत निळ्या ताडपत्रीखाली उभी होती. सत्यम जवळच्याच कंपनीत कामाला, कंपनीच्या बसनं जायचा यायचा. ताडपत्री त्यानंच काढली, घडी घातली, आणि गाडी अंगणात आणून स्टँडवर लावली. तिच्यावर भाताच्या पेंढ्याचा भुसा बसला होता, तो हातानं पुसला.

टेम्पो भरला होता. “बांधून मागनं नेऊ,” असं टेम्पोवाला म्हणाला. हौशीराम म्हणाले, “चालती दिलीया, चालतीच नेणार. माज्या दारात ढकलत आणायची न्हाई.”

आबांनी निवाडा दिला. “चालू स्थितीत परत करायची. ठरल्यालंच हाय.”

अपेक्षाचा भाऊ संदेश गाडीवर बसला. किल्ली फिरवली. एकही दिवा लागला नाही.

“बॅटरी,” आमच्या बाजूनं कुणी तरी म्हणालं.

“बॅटरीचा काय संबंध? किक हाय न्हवं?” त्यांच्या बाजूनं उत्तर आलं. सकाळपासून दोन बाजूंत झालेला हा पहिला संवाद.

संदेशनं किक मारली. मग मारतच राहिला. इंजिन खोकला आल्यासारखं करायचं आणि गप्प व्हायचं. आमच्याकडे बंद गाडीचं निदान करताना माणूस गाडीबद्दल कमी आणि मालकाबद्दल जास्त बोलतो.

“वस्तू वापरायला बी अक्कल लागती,” हौशीराम टेम्पोच्या चाकाकडे बघत म्हणाले.

“दिली तवाच तसली हुती,” माझी बहीण कस्तुराबाई दारातून म्हणाली. तिनं हे गाडीकडे बघून म्हटलं, पण अपेक्षाला ऐकू जावं एवढ्या आवाजात.

शेजारचे एक जण पुढे झाले आणि त्यांनी पेट्रोल शिळं झाल्याचं जाहीर केलं. टाकी रिकामी केली. संदेश टेम्पोवाल्याला घेऊन सोमाटण्याच्या पंपावर गेला, बाटलीत पेट्रोल आणलं. किक. खोकला. गप्प. मग कार्बोरेटरमध्ये पाणी गेलंय असं ठरलं. खालचा स्क्रू सैल केला, पेट्रोल स्वच्छ आलं, पाणी नव्हतं. पाणी असावं असं म्हणणाऱ्यानं “मंग आटलं आसंल” असं म्हणून माघार घेतली. मग प्लग. प्लग काढला तर काळाकुट्ट आणि ओला. पॉलिश पेपरनं घासून इंजिनला टेकवला, किक मारली, तर निळी ठिणगी पडली. दोन्ही तुकड्यांतून ‘हां’ असा आवाज एकदमच आला आणि सगळे जरा ओशाळले. प्लग परत बसवला. किक. खोकला. परत काढला तर परत काळा, परत ओला.

हे सगळं सत्यम करत होता. संदेश थकल्यावर त्यानं पाना हातात घेतला तो सोडलाच नाही. शर्टाची कॉलर काळी झाली. लग्न मोडण्याच्या कामात तो सकाळपासून हमालासारखा वागत होता, पण गाडीपाशी आल्यावर त्याच्या अंगात जीव आला. मला ते पोरगं बघवत नव्हतं. आपल्याच सोडचिठ्ठीची शेवटची वस्तू दुरुस्त करायला इतका मन लावून बसलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

मी आबांकडे सरकलो. “आबा, गाडी राहू दे की आज. पुढच्या रविवारी बघू. तेवढ्यात पोरं एकमेकांशी बोलतील जरा.”

“बोलू द्या की सर,” आबा म्हणाले. “गाडी चालू झाली की बोलू द्या.”

ऊन वर आलं. चहा झाला. आमचा तुकडा पडवीच्या सावलीत बसला, त्यांचा टेम्पोच्या. माझी खुर्ची मधल्या मध्ये शेवग्याखाली होती, म्हणून मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं. सत्यम चहाला उठला नाही. गाडीपाशी उकिडवा बसून होता. अपेक्षा टेम्पोजवळून निघाली, माठावरून तांब्या घेतला, माठ कुणाकडचा हे अजून ठरलं नव्हतं, आणि त्याच्यासमोर नेऊन ठेवला.

“वाकडी करून बघितली?” ती म्हणाली.

“न्हाई.”

“मग सकाळपास्नं काय बघितलं? पावसाळ्यात वाकडी केल्याबिगर कधी चालू झालीया का ती?”

“तू धरशील?”

तिनं ओढणी कमरेला खोचली. एका बाजूनं तिनं हँडल धरलं, एका बाजूनं त्यानं सीट. गाडी डावीकडे कलती केली, थोडा वेळ तशीच धरली. नव्या नवरा-बायकोला पाळणा ढकलायला सांगितल्यावर ती जशी धरतील तशी काहीशी. ही उपमा मला नंतर सुचली असती तर बरं झालं असतं.

“कधीपास्नं बंद हाय?”

“तू गेल्यापास्नं.”

“येकदा बी चालू केली न्हाई?”

“बघितली की करून. दसऱ्याला. धुतली, हार घातला. तुज्याकडं निघालतो.”

गाडी तिच्या हातात जरा जास्त कलली.

“लय किका मारल्या,” सत्यम म्हणाला. “दुपारपत्तुर मारल्या. न्हाई झाली.”

“मग यष्टीनं यायचं.”

“बायको आणायला यष्टीनं?”

“व्हय. यष्टीनं.”

“तुजा बा म्हणला असता, गाडी इकून खाल्ली.”

“म्हणला असता,” ती म्हणाली. “आन मी येऊन बसले असते यष्टीत.”

सत्यमनं तांब्या उचलला आणि सगळं पाणी एका दमात पिऊन टाकलं. मग गाडी सरळ केली आणि किक मारली. या वेळी इंजिननं दोन-तीन आचके जास्त दिले, सायलेन्सरमधून काळा धूर आला. “आली, आली!” दोघं एकदमच म्हणाली. तिनं स्वतःच्या हातानं ॲक्सिलरेटर पिळला. आणि बंद पडली. तिला हसू आलं. त्यालाही आलं. दोन्हीकडच्या सावलीतली माणसं चहाचे कप हातात धरून बघत होती, आणि त्या हसण्याचं काय करायचं हे कुणालाच समजत नव्हतं. त्यासाठी रीत नव्हती.

मी देवधर्म फारसा करत नाही. पण त्या वेळी मी मनोभावे म्हटलं, ही गाडी आज सुरू होऊ देऊ नकोस.

संदेशला मात्र संध्याकाळच्या आत घरी पोचायचं होतं. त्यानं विकासला फोन लावला. विकास सोमाटण्याचा मेकॅनिक, पण रविवारी तो लोणावळ्यात असतो, कारण रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्या तिथल्या चढावर बंद पडतात. संदेशनं फोन व्हिडिओवर घेतला आणि गाडीसमोर धरला, डॉक्टरला जीभ दाखवतात तसा. विकासच्या मागे दरी होती आणि दरीकडे पाठ करून फोटो काढणारी माणसं होती.

“करंट हाय?” विकासनं विचारलं.

“हाय.”

“पेट्रोल येतंय? प्लग काळा? वला?”

“काळा आन वला.”

“मग हवा पोचत न्हाई. साईडचं कव्हर खोला, फिल्टर बघा. उंदरानं घर केलं आसंल. ठेवतो, हितं लय गिऱ्हाईक हाय.”

संदेश स्क्रू ड्रायव्हर घ्यायला वाकला. सत्यम म्हणाला, “फिल्टर चांगला हाय.”

“बघितला का?”

“बघितला मी.”

“कवा?”

“चांगला हाय म्हटलं न्हवं!”

सकाळपासून त्याचा आवाज पहिल्यांदा चढला होता. टाकीची, प्लगची, कार्बोरेटरची सगळी उलथापालथ आनंदानं करणारा सत्यम त्या एका कव्हरावर हात ठेवून उभा राहिला. दोन्ही सावल्यांतली माणसं उठली आणि गोल परत तयार झाला.

“चोरीचा माल हाय का काय आत?” हौशीराम म्हणाले. “खोल रं, संदेश.”

मी अपेक्षाकडे बघितलं. ती सत्यमच्या हाताकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचं मघाचं सगळं उतरलं होतं. “दादा, राहू दे,” ती म्हणाली. “राहू दे ना. बांधून न्या टेम्पोत.”

पण बापानं सांगितलं होतं. संदेशनं सत्यमचा हात बाजूला केला, जोरानं नव्हे, आणि दोन स्क्रू काढले. कव्हर निघालं. फिल्टरच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबलेला होता.

“हे बघा. फडकं,” संदेश म्हणाला. “हवेचं तोंड हाय ते, दाजी. हितं कोंबलं तर गाडी चालू व्हईल का?” दिवसभर त्यानं सत्यमला कुठल्याच नावानं हाक मारली नव्हती. ‘दाजी’ चुकून गेलं.

त्यानं बोळा ओढून काढला आणि झटकला. तो उलगडला तेव्हा ते टोपडं निघालं. पिवळं, खाली बांधायला दोन बंद, कडेला बारीक लेस. एक बाजू धुळीनं काळी झाली होती. माझ्या मुठीवर बसलं असतं एवढं.

आमच्याकडे मूल जन्माला यायच्या आत त्याच्यासाठी काही आणत नाहीत. जुन्या लुगड्याची दुपटी चालतात, दुसऱ्याच्या पोराचं उतरलेलं झबलं चालतं; नवीन चिंधीसुद्धा चालत नाही. आणलं तर काय होतं, ते कुणी सांगत नाही. सांगावं लागत नाही.

संदेशच्या हातात ते टोपडं लोंबत होतं. हनुमंत आबांनी चष्मा नीट केला आणि सवयीनं विचारलं, “हे कुणाकडचं?”

विचारल्यावर त्यांना स्वतःलाच कसंतरी झालं असावं. त्यांनी चष्मा काढला.

“मला वाटलं तू फेकलंस,” अपेक्षा म्हणाली. ती सत्यमशी बोलत होती. आम्ही सगळे तिथं होतो हे ती विसरली होती, किंवा विसरली नव्हती आणि तिला पर्वा नव्हती.

“कुटं फेकू?”

“टूलबॉक्समधी हुतं.”

“आई पक्कड काढायला उघडती टूलबॉक्स. म्हणून आत सारलं. मला वाटलं रिकामी जागा हाय.”

“मीच म्हटलं हुतं घेऊ म्हणून. लोणावळ्यात. तू दुकानाच्या भाईर थांबलावतास.”

“गाडी कोण बघणार? म्हणून थांबलो.”

“नको म्हणालास तू.”

“पांढरं नको म्हटलं,” सत्यम म्हणाला. “पांढरं मळतं. पिवळं घे म्हटलं.”

अपेक्षानं ओठ आत घेतले. “म्हंजी माज्यामुळं झालं, असं तुला...”

“मला? मला वाटलं तुला वाटतं, की मी अडवायला पायजे हुतं. दवाखान्यातनं आल्यापास्नं तू माज्याकडं बघत न्हवतीस.”

“तू बघत न्हवतास.”

तर असं होतं ते. दोन्ही घरं रीतीचा खल करत बसली होती, आणि ही दोन पोरं आपापल्या गावात, आपल्यालाच दोष दिला जातोय असं धरून बसली होती. दोष कुणी दिलाच नव्हता. मी खुर्चीवरून उठलो. मला खरंच वाटलं की आता हौशीराम टोपी काढतील, आबा घसा साफ करतील, टेम्पो रिकामा होईल, आणि मिक्सरला त्याचं भांडं मिळेल.

“तरीच,” कस्तुराबाई म्हणाली.

माझी बहीण वाईट बाई नाही. नात गेली तेव्हा तिनं कित्येक दिवस धड जेवण केलं नव्हतं. इतके महिने ती एका प्रश्नाचं उत्तर शोधत होती, आणि ते आता समोर, पिवळं, बंद लोंबणारं दिसत होतं. तिनं ते पकडलं.

“तरीच माजी नात ऱ्हायली न्हाई,” ती म्हणाली. “लोणावळ्याला गेली आन चिक्कीचा तुकडा बी आणला न्हाई, तवाच म्हटलं, ह्यांचं काय तरी हाय. येवडी घाई झालती? पोटातल्या पोराला कुणी टोपडं घेतं का गं, बाई?”

मला वाटलं, हौशीराम आता उसळतील. लेकीला कुणी बोललं की ते उसळायचे, तेवढ्यापुरतं तरी त्यांच्यावर विसंबता येत होतं. पण ते टोपड्याकडे बघत होते.

“तरीच,” हौशीराम म्हणाले. त्यांनी लेकीकडे बघितलं. “आपल्या घरात असलं कवा कुणी केलं न्हाई. तुज्या आयनं सांगितलं न्हवतं व्हय तुला?”

दोन्हीकडच्या माना हलल्या. सकाळपासून दोन तुकड्यांचं ज्यावर एकमत झालं अशी ही एकच गोष्ट. गोल पूर्ण झाला. बायकांनी हळहळ केली, एक म्हातारी पदर डोळ्याला लावून “आता काय बोलून उपेग” म्हणाली. सगळ्यांच्या चेहऱ्यावर फॉल्ट सापडल्याचं समाधान होतं.

मी काही तरी बोलणार होतो. ‘वैद्यकीयदृष्ट्या’ या शब्दानं वाक्य सुरू करावं की ‘विज्ञान असं सांगतं’ यानं, हे ठरवत होतो. तेवढ्यात वेळ निघून गेली.

अपेक्षा बापाकडे, सासूकडे, कुणाकडेच बघत नव्हती. ती सत्यमकडे बघत होती. तिला फार काही नको होतं. ‘आई, गप बस’ एवढं पुरलं असतं. ‘आम्ही दोघांनी आणलं’ एवढंही पुरलं असतं. नुसता तिच्या बाजूला येऊन उभा राहिला असता तरी चाललं असतं.

सत्यमनं आईकडे बघितलं. मग खाली बसला. जमिनीवरून कव्हर उचललं, पुसलं आणि बसवायला घेतलं. त्या कव्हराला दोन स्क्रू होते. पहिला स्क्रू त्यानं आवळला, पूर्ण आवळला, तोवर ती थांबली होती. दुसरा स्क्रू त्यानं हातात घेतला तेव्हा तिनं ओढणी कमरेतून काढून खांद्यावर घेतली. डोक्यावर घेतली नाही.

स्क्रू बसला. त्यानं चोक ओढला आणि उभ्यानंच किक मारली.

पहिल्याच किकेला गाडी सुरू झाली. खणखणीत, एकसारखी, शोरूममधून आल्यासारखी. मागं कुणी तरी टाळी वाजवली. “बघा, हवाच न्हवती,” असं तीन-चार जणांनी एकदम सांगितलं, आणि त्यातला एक मघाशी बॅटरी म्हणणारा होता. सत्यम वळला. त्याचा सगळा चेहरा उजळला होता, लहान पोराचा उजळतो तसा. तो अपेक्षाकडे बघून म्हणाला, “झाली!”

मग काय झालं ते त्याला कळलं. चेहरा तसाच राहिला, विझायला थोडा वेळ लागला.

संदेश गाडीवर बसायला पुढे आला. “तू टेम्पोत बस,” अपेक्षा त्याला म्हणाली. “मी नेते.”

“तू? कामशेतला गर्दी आसती.”

“येती मला.”

तिनं संदेशच्या हातातून टोपडं घेतलं. बंद गुंडाळून त्याची बारीक घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. कुणी हरकत घेतली नाही. मग ती गाडीवर बसली. सत्यम हँडल धरून उभा होता, ते सोडायचं राहून गेलं होतं.

“गरम झाली की चोक बंद कर,” तो म्हणाला.

“माहितीय.”

“न्हाई तर पेट्रोल लय खाती.”

“माहितीय, सत्या.”

त्यानं हँडल सोडलं. ती फाटकातून बाहेर पडली आणि शेताच्या कडेनं डांबरी रस्त्याकडे निघाली. टेम्पोवाल्यानं दोरखंड तपासायला घेतले. आबांनी पाणी मागितलं. दोन्हीकडची माणसं निरोप घ्यावा की घेऊ नये अशा घोटाळ्यात चपला शोधू लागली.

आणि तिकडे वळणावर, कापणी झालेल्या भातखाचराजवळ गाडी थांबली.

आमच्यापर्यंत आवाज येत नव्हता. सगळ्यांना वाटलं, पडली परत बंद. “म्हटलं न्हवतं? बॅटरी,” कुणी तरी म्हणालं. अपेक्षा पाठमोरी होती. एक पाय खाली टेकलेला, मान खाली. मागं वळून बघत नव्हती आणि पुढंही जात नव्हती.

सत्यमनं अंगणातला स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि धावत सुटला. फाटक ओलांडलं, चपला निसटल्या, तो खडीवरून अनवाणी धावला. हातात स्क्रू ड्रायव्हर होता म्हणून धावला. बायकोमागं धावता येत नाही आमच्याकडे, चारचौघांत. बंद पडलेल्या गाडीमागं येतं. बांधापाशी पोचता पोचता त्यानं हाक मारली असावी, कारण त्याचा हात वर गेलेला दिसला.

तिनं हाक ऐकली की नाही, सांगता येत नाही. गाडी बंद पडलीच नव्हती. तिनं वाकून चोक खाली केला, ओढणीनं तोंड पुसलं, ओढणी मागं घट्ट बांधली आणि गिअर टाकला. तो पोचला तेव्हा ती डांबरीवर लागली होती, कामशेतच्या दिशेनं.

सत्यम रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. आम्ही कुणीच त्याला आणायला गेलो नाही. तो कुणाकडचा होता, त्याला कुणी आणायचं असतं, याबद्दल काही ठरलेलं नव्हतं. मागून भरलेला टेम्पो आला, कपाटाच्या आरशात सगळं शेत हलत होतं. ड्रायव्हरनं एकदा हॉर्न दिला. मग थोडं थांबून दुसऱ्यांदा दिला, तेव्हा तो बाजूला झाला.